आबांची लढाई, इटलीची माती

आबांच्या लढाईत शत्रू फार कमी यायचा. चिखल यायचा, नद्या यायच्या, खेचरं यायची, गवतात हरवलेली द्राक्षबाग यायची, मालक पळून गेल्यामुळे दूध न काढता राहिलेली आणि ओरडून ओरडून घसा बसलेली गाय यायची. आम्ही नातवंडं जर्मनांची वाट बघत बसलेलो असायचो. "मग गोळी कुणाला लागली?" असं कुणीतरी अधीर होऊन विचारायचं, आणि आबा तिथली जमीन कशी होती ते सांगायला लागायचे. "वरनं पिवळी, आत चिकण. पाणी पीतच न्हाय ती. पाय टाकला की बूट ठिवून घ्यायची."

आबा मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. खटाव तालुक्यातल्या कोरडवाहू रानातून उठून ते दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत गेले, लढले आणि परत येऊन पुन्हा त्याच रानात राबले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत फौजेतून सुटल्याचा कागद होता. त्यावर रेजिमेंट, नंबर, चालचलणूक आणि भरतीपूर्वीचा व्यवसाय लिहिलेला: शेती. तो कागद मी अनेकदा उलगडून वाचला आहे. पायदळातल्या शेतकऱ्याची लढाई आपण दोनच ठिकाणी शोधतो, एक शौर्यपदकांच्या यादीत आणि दुसरी देशाच्या राजकारणात. आबांनी ती तिसऱ्याच ठिकाणी साठवून ठेवली होती, जमिनीत. ती लढाई त्यांनी शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिली, शेतकऱ्याच्या हातांनी लढली, आणि माझं ठाम मत आहे की ती समजून घ्यायची तर तिथूनच घ्यावी लागते.

भरती झाली १९४१ साली. घरची जमीन आधीच भावाभावांत विभागलेली, त्यातला बरा तुकडा सावकाराकडे गहाण, आणि ज्या रानात आबा खरे राबायचे ते दुसऱ्याच्या मालकीचं, वाट्यानं केलेलं. पाऊस त्या पट्ट्यात कधीच भरवशाचा नव्हता. राजा, साम्राज्य, हिटलर यातलं काही त्यांना भरतीच्या मैदानावर घेऊन गेलं नाही. दर महिन्याला घरी मनीऑर्डर येईल, एवढं पुरेसं होतं.

आपल्याकडच्या कुणब्याला शिपाईगिरी नवी नव्हती. शिवकाळात दसऱ्याला शिलंगण झालं की माणसं मुलूखगिरीवर निघत आणि मृगाच्या आत घरी परतत, कारण पेरणीला हात लागत. वर्षाचे दोन भाग होते, एक नांगराचा आणि एक भाल्याचा. इंग्रजी फौजेनं हे वेळापत्रक मोडलं. तिथली शिपाईगिरी बारमाही होती आणि मुलूखही असा की घराची वाट समुद्रावरून जाई. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. त्यातल्या काही कूट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. तो वेढा डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा १४७ दिवस चालला, आणि शेवटी उपासमारीनं तो तळ शरण गेला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. आजही त्या गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. आबांच्या लहानपणी आमच्या भागात बसऱ्याहून परत आलेली माणसं पारावर बसलेली असत. त्यामुळे लढाईवर जाणं म्हणजे काय, हे भरती होणाऱ्या पोरांना ऐकून माहीत होतं. तरी ती गेली.

रेजिमेंटचं केंद्र बेळगावला. तिथं आबांच्या पायात पहिल्यांदा बूट चढले, आणि पहिले काही आठवडे त्यांची खरी लढाई त्या बुटांशीच झाली. अनवाणी चालून टाचेची कातडी निबर झालेली. ती कातड्याच्या बुटात सोलून निघायची. अक्षरं मात्र त्यांना तिथंच मिळाली. फौजेत तेव्हा रोमन लिपीतली हिंदुस्थानी शिकवत. त्यामुळे आबांना पुढंही मराठी वाचायला वेळ लागायचा, पण रोमन अक्षरांतली 'बंदूक' आणि 'होशियार' लगेच वाचता यायची. त्याच बेळगावात १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि आमच्या गावातून तिकडंही माणसं गेली. गावात पाणवठे वेगळे होते, फौजेत पलटणी वेगळ्या होत्या. एकाच शिवारातून निघालेल्या त्या माणसांची गोष्ट सांगताना आपण फक्त एका पलटणीचं सांगतो, आणि मीही इथं आबांचंच सांगते आहे, कारण माझ्या घरात तेवढंच आलं.

आबांना रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत पाठवलं. १७६८ साली उभी राहिलेली ही पलटण, 'जंगी पलटण' नावानं ओळखली जाणारी. ती तेव्हा ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये, इराकच्या बाजूला होती. त्या काळाबद्दल आबा फार बोलत नसत. वाळू, माश्या, खजूर आणि न संपणारी कवायत, एवढंच. शेतकऱ्याला तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, असं ते म्हणत. दोन नद्यांकाठची हिरवी पट्टी तेवढी अपवाद.

सप्टेंबर १९४३ मध्ये डिव्हिजन इटलीच्या दक्षिणेला टारांटो बंदरात उतरली आणि तिथून आबांच्या आठवणी दाट व्हायला लागतात. वाट पूर्व किनाऱ्यानं उत्तरेकडं. इटलीच्या मधोमध अपेनाइन डोंगरांची रांग उभी आहे, आणि त्या डोंगरांतून निघालेली प्रत्येक नदी एड्रियाटिक समुद्राला मिळायला वाटेत आडवी येते. ट्रिग्नो झाली की सांग्रो, सांग्रो झाली की मोरो. जर्मन सैन्यानं प्रत्येक नदीचे पूल उडवून पलीकडच्या चढावर मोर्चे बांधलेले. लष्करी इतिहासाच्या जाड पुस्तकांत या रचनेला पानंच्या पानं दिलेली आहेत. आबा सांगायचे, "डोंगूर मधी, समुद्र कडंला, आन वढं समदं आडवं. एक वलांडला की म्होरं दुसरा. ज्यो वर बसलाय त्याला समदं दिसतंय, आन आपण खाली पाण्यात."

नोव्हेंबरात सांग्रोला पूर आला. इंजिनिअरांनी बांधलेले पूल वाहून गेले, पलीकडं पोचलेली माणसं पलीकडं अडकली. आबांना त्या पुरापेक्षा त्या महिन्याचा राग होता. कार्तिकात पाऊस पडतो कसा, हे त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही. घरी तेव्हा रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागलेली, आभाळ निवळलेलं, रात्री थंडी सुटलेली. आणि इथं आठ-आठ दिवस सूर्य नाही. अंगावरचा कोट भिजून इतका जड व्हायचा की उठताना एकमेकांना हात द्यावा लागे.

पायदळाच्या शिपायाचं पुष्कळसं आयुष्य खोदण्यात जातं, ही गोष्ट मला पुस्तकांआधी आबांकडून कळली. कुठंही थांबा म्हणाले की आधी खड्डा. जेवण नंतर, झोप नंतर. तोफेचा गोळा पडला तर जमिनीच्या वर असलेला माणूस जातो आणि आत असलेला बहुधा वाचतो. आणि खोदायचं कुठं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागलं नाही. उताराच्या पोटाशी खोदलं तर रात्रीत गुडघाभर पाणी साचेल, हे त्यांना बघताक्षणी कळायचं. थोडं वर, झाडाच्या मुळ्या जिथं माती धरून ठेवतात तिथं खोदायचं, वरच्या अंगाला एक बारकी चरी काढून पाणी बाजूला वळवायचं. रानात पाट वळवायचं काम त्यांनी लहानपणापासून केलं होतं. शहरातून आलेल्या गोऱ्या पोरांचे खड्डे भरायचे तेव्हा ते येऊन आमच्या लोकांचे बघून जायचे, हे सांगताना आबांचा आवाज जरा वर चढायचा. सगळ्या युद्धात एवढा एकच अभिमान त्यांनी कधी उघडपणे मिरवला.

सुरुंगांचंही तसंच. जर्मनांचे काही सुरुंग लाकडी पेटीत बसवलेले असत. त्यात धातू इतका थोडा असे की शोधक यंत्राला तो बहुधा लागतच नसे. पाय पडला की घोट्यापासून पाय जायचा. ते पेरलेले असत शेताच्या कडेला, गोठ्याच्या दारात, विहिरीच्या वाटेवर, माणसाचा पाय सवयीनं जिथं पडतो तिथं. आबा म्हणायचे, "नांगारल्याली माती येगळी आन उकरल्याली येगळी. उकरल्याली दोन दिवसांत खाली बसती. सकाळचं दवबी तिच्यावर येगळं दिसतं." हे ज्ञान त्यांना कुठल्याही तुकडीत शिकवलं नव्हतं. ते पेरलेल्या रानावरून रोज सकाळी नजर फिरवणाऱ्या माणसाचं ज्ञान होतं. त्यावर ते स्वतः वाचले आणि आणखी काहीजणांना त्यांनी वाचवलं. सगळ्यांना वाचवता आलं नाही, हे ते वेगळं सांगत नसत. पण तिथं आल्यावर गोष्ट थांबायची आणि ते तंबाखू मळायला घ्यायचे.

डोंगरात मोटारी चालेनात तेव्हा खेचरं आली. दारूगोळा, रेशन, पाणी वर न्यायचं आणि येताना जखमी खाली आणायचे. गुरांची सवय असलेल्या माणसाला खेचराची भाषा लवकर कळते. त्याचे कान कुठं वळले, पाय का अडला, हे ओळखून आबा रात्रीच्या अंधारात चालायचे. गोळे पडायला लागले की खेचरं बिथरत आणि ओझ्यासकट दरीत जात. एका खेचराबद्दल ते इतक्या मायेनं बोलायचे की मला लहानपणी वाटायचं ते आमच्याच गोठ्यातलं असावं.

१९४४ चा उन्हाळा ही त्यांच्या सांगण्यातली सर्वांत उजळ जागा. मे महिन्यात जर्मनांची कॅसिनोची बचावफळी फुटली, ८ व्या डिव्हिजननं रात्री गारी नदी ओलांडून त्यात मोठा वाटा उचलला, आणि मग मैलोन्‌मैल वाटचाल उत्तरेला, उंब्रिया आणि टस्कनीच्या टेकड्यांतून. इथं आबांना शेती दिसली. दगडी घरं, खाली गोठा आणि वर माणसं. गहू कापणीला आलेला. झाडांवर चढवलेल्या द्राक्षवेली. आणि बैल. पांढरेशुभ्र, उंचेपुरे बैल. हे कियाना खोऱ्याचे बैल, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचून कळलं. आबांनी त्यांना बघितल्या-बघितल्या खिलार ठरवून टाकलं होतं. "आपल्या म्हसवडच्या बाजारात हुबा केला तर कुणी वळकायचं न्हाय, पर शिंगं बारकी." माघार घेणारं जर्मन सैन्य गोठे रिकामे करत चाललं होतं, त्यामुळे बैल वाचले ते कुठंतरी रानात, घळीत लपवून ठेवलेले. एका म्हाताऱ्यानं असे लपवलेले बैल बाहेर काढले तेव्हा आमच्या शिपायांनी चालणं थांबवून त्यांच्याभोवती गर्दी केली. कुणी वशिंड शोधलं, कुणी दात बघितले, कुणी पाठीवरून हात फिरवला. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. त्या म्हाताऱ्याला एवढं नक्की कळलं असणार की ही दूरदेशची काळी-सावळी माणसं शेतकरी आहेत.

त्याच मुक्कामांत आबांना आणखी एक गोष्ट समजली. ही दगडी घरं, ही जमीन, त्या राबणाऱ्यांची नव्हती. मालक शहरात राहायचा, पीक निम्मं त्याचं. मेझ्झाद्रिया म्हणतात त्या पद्धतीला. मध्य इटलीत ती शेकडो वर्षं चालत आली होती. एका बाईनं पोत्यांचे दोन ढीग दाखवले, एकाकडं बोट केलं आणि मग दूर, टेकडीवरच्या मोठ्या वाड्याकडं. आबांनी मान हलवली. त्यांना ते सांगावं लागलं नाही. घरी वाट्यानं केलेल्या रानाचे खळ्यावर असेच दोन ढीग पडत.

पिकांवरून चालावं लागायचं, याचं त्यांना फार लागे. पिकलेल्या गव्हातून रांगेनं पुढं सरकायचं, रणगाड्यांमागून, कापणीला आलेलं रान तुडवत. हुकूम असायचा, आणि गव्हात लपलेला माणूस गोळी घालू शकतो हेही खरं होतं. तरी ते म्हणायचे, "ज्याचं रान त्यो बांधावर हुबा राहून बघतोय, आन आपण जातोय त्येच्या गव्हातनं. मान वर करवत न्हवती." युद्धातल्या अपराधाबद्दल त्यांनी उच्चारलेलं हे एकमेव वाक्य. त्यांनी माणसं मारली असणार, पायदळात होते. त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तुडवलेल्या गव्हाबद्दल मात्र त्यांनी म्हातारपणीही सांगितलं. कदाचित दोन्हींचं सांगणं त्या एकाच वाक्यात असेल.

याच उन्हाळ्यात, १० जुलै १९४४ ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, बावीस वर्षांचा कोकणी जवान. जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनची सगळी माणसं मेली किंवा जखमी झाली. ते एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, आणि बंदुकीत नवी मॅगझीन घालायला वेळ उरला नाही तेव्हा नळी हातात धरून उरलेल्या दोघांवर तिचे घाव घातले. नंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजी फौजेतलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्यांची कबर कुठं आहे हे माहीत नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. २०२३ साली उंब्रियातल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं एक सूर्यघडी उभारली. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्यानं जाणाऱ्या किती जणांना तो कुणाचा हे ठाऊक असेल, असा प्रश्न मला तिथून जाताना दर वेळी पडतो.

दुसरं नाव आबांच्याच पलटणीतलं. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. रोमान्याच्या सपाट मैदानात ही नदी दोन उंच बांधांच्या मधून वाहते. पुराचं पाणी रानात शिरू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या उभे केलेले ते मातीचे बांध. जर्मनांनी ते आतून पोखरून त्यात मोर्चे केले होते आणि उतारांवर सुरुंग पेरले होते. शेत राखायला घातलेल्या बांधाचा किल्ला झालेला बघून आबांना काय वाटलं, ते त्यांनी शब्दांत सांगितलं नाही, पण बांधाची उंची दाखवायला ते नेहमी उठून उभे राहत आणि हात डोक्याच्या वर नेत. त्या दिवशी दुपारभर विमानांनी बॉम्ब टाकले, तोफा चालल्या, आगीचे फवारे सोडले गेले, आणि संध्याकाळी पायदळ निघालं.

संगमनेर तालुक्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव एका कंपनीचे निरोप्ये होते. त्यांच्याबरोबरची छोटी तुकडी नदी ओलांडताना माऱ्यात सापडली. त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, निसरड्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा गेले ते मशीनगनच्या मोर्च्यांवर. हाताला गोळी लागून टॉमी गन धरता येईना तेव्हा ती टाकून ग्रेनेड फेकत राहिले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहिले, शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि हात हलवून उरलेल्या कंपनीला बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो घ्यायला ते जिवंत होते. त्याच दिवशी त्याच नदीवर त्याच डिव्हिजनमधल्या फ्रंटिअर फोर्सच्या अली हैदर या कोहाटकडच्या पठाण शिपायालाही तेच पदक मिळालं. आबा दुसऱ्या कंपनीत होते. त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहिल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. त्यांना आठवत होता तो बांधाच्या अलीकडं पाय मुडपून घालवलेला वेळ आणि ओल्या मातीला येणारा जळकट वास. पोटरीत शिरलेला बारीक छर्रा त्यांनी तिथूनच आणला. तो शेवटपर्यंत पायात राहिला.

इकडं घरी काय चाललं होतं? फौजेतली पत्रं सेन्सॉर वाचायचा आणि वरिष्ठांना अहवाल द्यायचा. ते अहवाल आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत, आणि त्यांत शिपायांच्या मनातली मोठी काळजी दिसते ती घरच्या धान्याची, कापडाची, महागाईची. आबांचंही तेच. पाऊस झाला का, विहिरीला पाणी आहे का, बैल विकला तर नाही ना. युद्धासाठी पोरगा गेला होता, आणि त्याच युद्धामुळे सरकार लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वसुलीचं धान्यही मागत होतं.

आणि सातारा तर पेटला होता. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. आमच्या गावची माणसं त्या मोर्चात होती. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडे सुरू केले. त्या जूनमध्ये शेणोलीला पगाराची रेल्वेगाडी लुटली गेली. माझी पणजी दिवसा पोस्टमनकडून थोरल्या लेकाची मनीऑर्डर अंगठा उठवून घ्यायची आणि रात्री भूमिगतांना भाकरी थापून द्यायची. धाकटा लेक त्या भाकरी बांधून रानात पोचवायचा. घरात पोलीस आले तेव्हा तिनं आबांचा फौजेतला फोटो पुढं केला, असं आजी सांगायची. पणजीला यात विसंगती दिसली नाही, आणि मलाही दिसत नाही. एक लेक जमीन सोडवायला गेला होता, दुसरा देश. दोघांना लागणारी भाकरी एकाच चुलीवर भाजत होती.

आबा १९४५ च्या पावसाळ्यात देशी परतले आणि पुढच्या वर्षी फौजेतून सुटले. गहाण तुकडा सोडवला. पैसे उरले त्यातून बैलजोडी आली, अर्थात खिलार. गावात हार-तुरे नव्हते. स्वातंत्र्य तोंडावर आलेलं, जेलमधून सुटलेल्यांच्या मिरवणुका निघत होत्या, आणि त्या निघायलाच हव्या होत्या. इंग्रजांच्या फौजेतून आलेल्या माणसानं त्या गर्दीत कुठं उभं राहायचं, हे कुणी सांगितलं नाही. आबा कडेला उभे राहिले.

परतल्यावरची पहिली काही वर्षं कशी गेली, ते आम्हाला आजीनं सांगितलं. नांगरट चालू असताना फाळ दगडाला लागून खट् आवाज झाला की आबा जागच्या जागी थांबायचे. कासरा ओढून धरायचे, बैलांना पाऊल टाकू द्यायचे नाहीत. मग गुडघ्यावर बसून हातानं, बोटांनी, हळूहळू माती बाजूला करायचे, दगड दिसेपर्यंत. तो दगडच आहे याची खात्री झाली की मग उठायचे. शेजारच्या रानातली माणसं काम थांबवून बघायची. आमचं रान खडकाळ, फाळ दिवसातून कितीदा अडणार! एक एकर नांगरायला चौपट वेळ लागायचा. आजी बांधावर न्याहारी घेऊन उभी राहायची आणि हाक मारायची नाही. हे आपोआप कमी होत गेलं, की आबांनी ते मनाशी झगडून कमी केलं, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. त्या काळात अशा माणसाला डॉक्टरकडं न्यायचं असतं हेच कुणाच्या गावी नव्हतं. त्यांच्यासारखे किती परतले असतील! दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य २५ लाखांवर गेलं होतं, आणि त्यातला फार मोठा भाग खेड्यांतून आलेला.

ही लढाई कुणाची होती, हा प्रश्न आजही विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा हेतू बहुधा आबांसारख्यांना कुठल्यातरी एका बाजूला बसवण्याचा असतो. भाडोत्री म्हणावं तर ज्या फॅसिझमविरुद्ध ते लढले तो खरोखर संपवण्यासारखा होता. मुक्तिदाते म्हणावं तर ज्यांनी त्यांना पाठवलं ते त्यांच्याच देशाला मुक्त करायला तयार नव्हते. इटलीत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक लढले. त्यांतले ५,७८२ तिथंच राहिले. त्या मोहिमेतल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांना मिळाले. सांग्रोच्या दफनभूमीत पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांच्या दहनाचं स्मारक आहे, फोर्लीला तसंच आणखी एक. कॉमनवेल्थ युद्धस्मारकांच्या नोंदी मी तासन्‌तास वाचल्या आहेत. पुष्कळ नावांपुढं वडिलांचं नाव, गाव, जिल्हा दिलेला असतो. सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड), बेळगाव. गावांची नावं इंग्रजी कारकुनानं कशीही लिहिलेली. मोठ्यानं वाचली की ओळख पटते. आपापल्या गावाचं नाव प्रत्येकानं तिथं एकदा शोधावं असं मला मनापासून वाटतं. शाळेत, ग्रामपंचायतीत ती यादी लागायला हवी, प्रतिसरकारातल्या माणसांच्या यादीशेजारी, त्याच भिंतीवर.

१९४८ मध्ये मुंबई राज्यात कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळायचा मार्ग खुला झाला. आबा वाट्यानं करत होते ते रान काही वर्षांच्या हेलपाट्यांनंतर त्यांच्या नावावर लागलं. सातबाऱ्याचा उतारा घेऊन तलाठ्याकडून घरी आले, त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं होतं, "तिकडच्यास्नी मिळाली का रं? निम्म्या वाट्यावाल्यास्नी?" वडील तेव्हा शाळेत होते. त्यांना इटली नकाशात दाखवता येत होती, याचं उत्तर देता येत नव्हतं.

उत्तर मी आता शोधलं आहे. इटलीत १९६४ च्या कायद्यानं मेझ्झाद्रियाचे नवे करार बंद झाले आणि राबणाऱ्याचा वाटा निम्म्याहून जास्त ठरला. उरलेल्या जुन्या करारांचं खंडात रूपांतर करण्याची तरतूद १९८२ मध्ये आली. पण तोवर उंब्रिया-टस्कनीतल्या टेकड्यांवरची बरीचशी कुटुंबं रान आणि दगडी घर दोन्ही सोडून कारखान्यांच्या शहरांकडं निघून गेली होती. आमच्या घरातूनही त्याच सुमारास पहिला माणूस मुंबईच्या गिरणीत गेला. ते आबांचे थोरले चिरंजीव, माझे काका. सातबाऱ्यावर त्यांचंही नाव होतं.